अंतर आणि सबब

सन २०२३ चा जुलै महिना होता. बेळगावात पावसाची झड लागली होती आणि त्या रविवारी शब्बाथशाळेला जेमतेम अकरा मुले आली होती. ठरलेला धडा बाजूलाच राहिला. कारण त्याच आठवड्यात आमच्या मंडळीतील एक वृद्ध शिक्षिका ख्रिस्तवासी झाल्या होत्या आणि मुलांच्या मनात दुसरे काही नव्हते. या शिक्षिकेला लहानथोर सारे नुसते 'बाई' म्हणत. तीस वर्षे त्यांनी त्याच खोलीत मुलांना शिकविले. कपाटावर पृथ्वीचा जो गोल आहे तो त्यांनीच आणलेला. त्याचा पाय मोडला आहे, आणि त्यावर सोव्हिएत रशिया अजून अखंड आहे. एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीने तो खाली काढायला लावला व विचारले, "सर, बॉस्टन कुठे आहे?"

आम्ही दाखविले.

"किती लांब आहे?"

"विमानाने एक दिवस," आम्ही म्हणालो.

तिने गोल इकडून तिकडे फिरवून पाहिला आणि म्हणाली, "मग बाईंचे दादा का आले नाहीत?"

"नंतर सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मुलांना दिलेले असले 'नंतर' बहुधा कधी उजाडत नाही, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांना सांगावयास नको. परंतु हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. कारण तीनच दिवसांपूर्वी तोच प्रश्न आम्ही स्वतः, दफनभूमीच्या फाटकाशी उभे राहून, जाणत्या माणसाला शोभणार नाही अशा रीतीने विचारला होता.

घडले ते असे. बाई मंगळवारी रात्री गेल्या. एकुलता एक मुलगा बॉस्टनजवळ नोकरीस. पंचांनी ठरविले की दोन दिवस थांबू, बर्फाची पेटी भाड्याने आणू, पण मुलगा येऊ दे. त्याला फोन लावला. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नका. आईला बर्फात ठेवू नका." गुरुवारी दुपारी अडीच वाजता दफनविधी झाला. मंडळीतील एका तरुणाने छत्रीखाली मोबाईल धरला होता व त्यातून मुलगा पाहत होता. आपल्याकडचे दुपारचे अडीच म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे पहाटेचे पाच. त्याच्या मागची भिंत आणि एक पेटलेला दिवा एवढेच आम्हांस दिसत होते. माती लोटली, गीत झाले, आशीर्वाद झाला, मोबाईल बंद झाला. बाहेर पडताना आम्ही दोघा-तिघांजवळ म्हणालो, "बॉस्टनहून यायला लागतो एक दिवस. मनात असते तर आला असता."

संध्याकाळपर्यंत ते वाक्य कॅम्पापासून शहापूरपर्यंत पोहोचले. उपदेश करणाऱ्याच्या तोंडचे असल्यामुळे त्याला नको तेवढे वजनही आले.

हा जो 'एक दिवस' आम्ही इतक्या खात्रीने बोललो, तो नेमका काय आहे याचा विचार आम्ही तोवर कधी केला नव्हता. तो करण्यास बाईंचाच गोल कामी आला. पुढच्या रविवारी आम्ही एका मुलाला दोऱ्याचे टोक मुंबईवर धरायला सांगितले, दुसऱ्याला बॉस्टनवर, आणि दोरा ताणला. भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर वाटते की वाट अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या उत्तर भागावरून, अटलांटिक महासागर ओलांडून जात असावी. पण नकाशा म्हणजे सोललेल्या संत्र्याची साल दाबून चपटी केलेली असते. गोलावर ताणलेला दोरा भलत्याच बाजूने, उत्तरेस चढत गेला. कच्छ आणि सिंधवरून तो कंदाहारपाशी आला, मध्य आशिया ओलांडून मॉस्कोला लागला, तिथून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, मग आइसलंडचा दक्षिण किनारा, ग्रीनलंडच्या टोकाखालून कॅनडा आणि शेवटी बॉस्टन. मुलांना याची फार गंमत वाटली. मुंबईहून बॉस्टनला जाण्याची सर्वांत जवळची वाट मॉस्कोवरून जाते, हे आम्हांसही त्या दिवशीच कळले.

हे अंतर साधारण १२,२५० किलोमीटर भरते. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे कोणतेही ठिकाण दुसऱ्यापासून लांब असून असून २०,००० किलोमीटर असणार. त्याहून लांब जाण्यास देवाने जागाच ठेविलेली नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान त्या दोऱ्यावरून गेले तर साडेतेरा तासांत पोहोचेल. हा भागाकार मुलांनीच केला.

पण दोऱ्यावरून कोणी जात नाही. बॉस्टनहून येणारा माणूस बहुधा आखातात किंवा युरोपात विमान बदलतो. समजा तो दुबईमार्गे आला. बॉस्टन ते दुबई बारा तासांच्या वर. तिथे तीन-चार तास बसणे. दुबई ते मुंबई तीन तास. विमान सुटण्याच्या तीन तास आधी हजर राहावे लागते ते निराळे. मुंबईस उतरल्यावर पारपत्र तपासणीची रांग, सामान, शहरातली वाहतूक, आणि मग बेळगावची रात्रीची बस. मुंबई ते बेळगाव अदमासे ५०० किलोमीटर, त्यास बस दहा-अकरा तास घेते. म्हणजे युरोप आणि अटलांटिक ओलांडावयास जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच आपल्या घाटातून आणि महामार्गावरून यावयास लागतो. सांबऱ्यास उतरणारे विमान वेळेवर मिळाले तर थोडे कमी. सर्व जमेस धरता दीड दिवस, आणि तोही तिकीट त्याच दिवशी मिळाले असे धरून. वाऱ्याचाही हिशेब असतो. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्यामुळे अमेरिकेहून इकडे येणे लवकर होते आणि इकडून तिकडे जाण्यास तास-दीड तास अधिक लागतो. सुदैवाने शोकाच्या प्रवासात वारा पाठीशी असतो. परतीच्या प्रवासात तो समोरून येतो.

आणखी एक गोष्ट त्या दोऱ्याने दाखविली. तो ज्या देशांवरून जातो त्यांतले किती देश एकमेकांवर रुष्ट आहेत, हे मोठ्या मुलांनी लगेच ओळखले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा युरोपातील देशांनी रशियाच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि रशियाने त्यांच्या विमानांना आपले. अमेरिकेच्या बाबतीतही लौकरच तेच झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्यावरून जाण्यास मनाई केली आणि भारताने तसेच उत्तर दिले. शहरे आपल्या जागेवरून हलली नाहीत, पण त्यांच्यामधले तास वाढले. हे काही नवे नाही. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला आणि मुंबईहून युरोपला जाणाऱ्या जहाजांचा आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा वाचला. तोच कालवा १९६७ च्या युद्धानंतर आठ वर्षे बंद राहिला व जहाजे पुन्हा वळसा घालू लागली. भूगोलाच्या पुस्तकात अंतर डोंगर आणि समुद्र यांनी होते असे शिकवितात. अर्धे अंतर माणसांच्या भांडणाने होते, हे त्यात असावयास हवे होते.

बॉस्टन हे नाव आपल्या मराठी मंडळ्यांना अपरिचित नाही. अमेरिकन मराठी मिशन चालविणाऱ्या संस्थेचे कार्यालय तिथेच होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे त्या मिशनचे पहिले लोक १८१२ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाहून 'हार्मनी' जहाजाने निघाले. ऑगस्टमध्ये ते कलकत्त्यास लागले. तिथे कंपनी सरकारने त्यांना राहू देण्याचे नाकारले, आणि ते मुंबईत पोहोचले तेव्हा १८१३ चा फेब्रुवारी उजाडला होता. एक वर्ष! त्यातला निम्मा वेळ अमेरिका ते कलकत्ता या समुद्राने घेतला. उरलेल्यातला पुष्कळसा परवानगीने घेतला. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे कारण पडणार आहे.

पुढे १८२५ मध्ये हॉल यांची पत्नी मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांना घेऊन अमेरिकेस गेली आणि हॉल कामावर मागे राहिले. मार्च १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यावरून परत येताना ते वाटेत पटकीने वारले. वय अवघे ४१. पत्र जहाजाने जात असे आणि जहाजाला महिने लागत. म्हणजे ती बातमी पोहोचेपर्यंत कित्येक महिने त्यांची पत्नी विधवा होती आणि ते तिला ठाऊक नव्हते. कदाचित त्या काळात तिने त्यांना पत्रेही लिहिली असतील. तिला मात्र कोणी विचारले नसेल की तू का गेली नाहीस. तो प्रश्न उद्भवतच नव्हता. समुद्र मध्ये होता आणि सारा दोष समुद्राचा होता.

त्याच काळातली आणखी एक हकिकत आम्हांस नेहमी आठवते. १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने 'टस्कनी' नावाच्या जहाजातून कलकत्त्यास बर्फ पाठविला. हिवाळ्यात तळ्यांवर गोठलेला, करवतीने कापलेला, भुशात बांधलेला बर्फ. निघताना १८० टन होता. चार महिन्यांनी कलकत्त्यास उतरविला तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबईलाही बॉस्टनचा बर्फ येऊ लागला. लोकांना वाटते की त्यात नवल उरलेल्या बर्फाचे आहे. आम्हांस नवल वाटते ते त्या ऐंशी टनांचे, कारण अंतर म्हणजे तेच: वाटेत जे वितळते ते.

मग १८७० साल आले. समुद्राखालून तार टाकली गेली आणि मुंबई लंडनला जोडली गेली. या गोष्टीचे महत्त्व आम्हांस वाटते त्याहून फार मोठे आहे. तोपर्यंत बातमी आणि माणूस एकाच जहाजाने जात असत. बातमी कळेल तेव्हा सारे होऊन गेलेले असे. राहत असे ते फक्त रडणे. तारेने बातमी माणसापासून सुटी केली. बातमी काही तासांत जाऊ लागली आणि माणसाला मात्र आठवडे लागत राहिले. आई अंथरुणावर आहे हे आज कळते आहे, ती अजून जिवंत आहे, आणि आपण पोहोचू शकत नाही: हे दुःख जगात पूर्वी क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. ते विज्ञानाने घराघरांत आणले. यात तारेचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही.

त्यानंतर विमान आले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. मे १९६० मध्ये त्याच कंपनीची विमाने न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. ती बोईंग ७०७ जातीची, ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडणारी. आणि गंमत अशी की, ध्वनीहून वेगवान असे एक विमान मध्यंतरी येऊन गेले ते सोडले तर, प्रवाशांची विमाने त्यानंतर वेगवान झालेली नाहीत. आजचे विमानही त्याच वेगाने उडते. मधे थांबण्याची गरज कमी झाली, तपासणीच्या रांगा वाढल्या. खरा फरक भाड्यात पडला. १९६० मध्ये अमेरिकेचे तिकीट हे संस्थानिकांनी व उद्योगपतींनी काढावयाचे तिकीट होते. आज शिक्षिकेचा मुलगा ते काढू शकतो.

म्हणजे पाहा: आधी समुद्र गेला, मग अज्ञान गेले, मग पैशाची अडचणही पुष्कळशी गेली. एकेक सबब कालाने काढून घेतली. 'येता आले नाही' हे वाक्य आमच्या आजोबांच्या पिढीत नुसती हकिकत होती. आज त्या वाक्यानंतर ऐकणारा क्षणभर थांबतो. त्या थांबण्यातच प्रश्न असतो. अंतर कमी होणे याचा अर्थ, जो भार पूर्वी समुद्र वाहत असे तो आता माणसाच्या खांद्यावर आला. हे वाईट झाले असे नाही. समुद्राआड लपणारेही पुष्कळ होते. परंतु या नव्या भारासाठी आपण कोणते माप वापरतो, हे पाहावयास हवे. आम्ही जे माप वापरले ते वेळापत्रकाचे होते. वेळापत्रक विमानाचा प्रवास सांगते, माणसाचा नाही.

हे पटण्यासाठी फार मागे जावयास नको. २३ मार्च २०२० रोजी आपल्या सरकारने परदेशची नेहमीची विमाने बंद केली, ती २७ मार्च २०२२ रोजी पुन्हा नियमित सुरू झाली. दोन वर्षे. मध्यंतरी ठरावीक देशांशी विशेष विमाने चालत, पण त्यांना अटी, तपासण्या, विलगीकरण. त्या काळात आमच्या मंडळीतील तीन घरांत मृत्यू झाले आणि परगावची मुले येऊ शकली नाहीत. कोणीही कोणास दोष दिला नाही. उलट सारे हळहळले. बॉस्टन तेव्हाही १२,२५० किलोमीटरच होते. सबब खरी होती म्हणून नव्हे, तर ती सर्वांना दिसत होती म्हणून आम्ही दयाळू होतो. ज्याची अडचण दिसत नाही त्याच्याशी दयाळू राहणे कठीण असते.

बाईंच्या मुलाची अडचण दिसत नव्हती. दफनानंतर पंधरा-वीस दिवसांनी बाईंच्या शेजारच्या काकू भेटल्या. बाईंना मोबाईल नीट चालविता येत नसे, म्हणून काकूच लावून देत. त्या आम्हांस म्हणाल्या, "सर, तुम्ही काय बोलला ते ऐकले. बरे नाही केले." आणि मग त्यांनी सांगितले. मुलाने तिकडे कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला होता. त्याचा जो परवाना होता, त्यात अर्ज निकालात निघेपर्यंत आगाऊ लेखी संमतीवाचून देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. संमती मागितली होती, आली नव्हती. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी तिकडे. बाईंना हे सारे ठाऊक होते. मे महिन्यात, दुखणे वाढले तेव्हा, त्यांनीच काकूंसमोर फोनवर मुलाला सांगितले होते, "कागद हातात आल्याशिवाय निघू नकोस. मी गेले तरी निघू नकोस."

हॉल आणि नॉट यांचा परवानगीत गेलेला वेळ इथे आठवावा. दोनशे वर्षांनी जहाज गेले, विमान आले. कागद होता तिथेच आहे.

तर मग मुलाचे काही चुकले नाही, चूक आमची, असे म्हणून हा लेख इथेच आटोपता आला असता. परंतु तेवढे पुरेसे नाही. एखादा अधिक कठोर वाचक म्हणेल, नोकरी गेली असती, अर्ज गेला असता, तरी आई ही आई आहे. दुसरा म्हणेल, मेलेल्या माणसाला कोण आले कोण नाही याचे काय? आम्ही दोघांशीही सहमत नाही. आईच्या आज्ञेने न येणारा मुलगा आईच्या पेटीजवळ उभ्या असलेल्या माणसाइतकाच तिच्याजवळ असू शकतो. आणि जाणे निरर्थकही नाही, कारण जाणे हे मेलेल्यासाठी जितके असते तितकेच मागे राहिलेल्यांसाठी आणि स्वतःसाठी असते. आमचे म्हणणे एवढेच की दुसऱ्याचे अंतर आपल्याला मोजता येत नाही. त्याच्या वाटेवर काय काय आहे हे त्याला ठाऊक. आपले स्वतःचे अंतर मात्र आपण मोजू शकतो. ते मोजण्याची टाळाटाळ करण्यासाठीच आपण बहुधा दुसऱ्याचे मोजत असतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून लिहीत नाही. २०११ च्या डिसेंबरात आमचे वडील मिरजेस एका रुग्णालयात होते. बेळगाव ते मिरज रेल्वेने तीन तास. शनिवारी दुपारी चार वाजता बहिणीचा फोन आला, "दादा, अण्णा तुला विचारताहेत. आज येतोस का?" त्या संध्याकाळी आमच्याकडे नाताळच्या नाटिकेची तालीम होती. तीस मुले, त्यांचे पोशाख, एक मेंढपाळ तापाने आजारी. आम्ही म्हणालो, "उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने येतो." अण्णा पहाटे गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा बहीण दाराशी उभी होती आणि ती काही बोलली नाही. आज तेरा-चौदा वर्षे झाली, तिनेही विचारले नाही आणि मंडळीत तर कोणीच विचारले नाही. कारण मिरज जवळ आहे. इतक्या जवळच्या ठिकाणी मुलगा गेला असणारच, असे सर्वांनी धरले, आणि आम्ही ते धरू दिले. मध्ये समुद्र नव्हता, कागद नव्हता, युद्ध नव्हते. मध्ये एक तालीम होती. बॉस्टनच्या माणसाला फाटकाशी जाब विचारणारा तो हाच मिरजेचा मुलगा होता, हे काकूंचे बोलणे ऐकल्यावर रात्री अंथरुणावर आमच्या लक्षात आले.

योहानाच्या शुभवर्तमानात लाजराची जी कथा आहे, तीत बेथानी यरुशलेमेपासून किती लांब आहे याचा मुद्दाम उल्लेख आहे. ते अंतर साधारण तीन किलोमीटर भरते. येशूला लाजराच्या दुखण्याचा निरोप पोहोचला आणि तरी तो होता त्या ठिकाणी दोन दिवस राहिला. आला तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. मार्था पुढे जाऊन त्याला जे म्हणाली त्यात श्रद्धा आहे असे आम्ही उपदेशातून नेहमी सांगतो, आणि ते खरेच आहे. पण त्यात तक्रारही आहे. 'का आला नाहीस' हा प्रश्न तिने प्रभूला तोंडावर विचारला आणि त्याने तिला त्याबद्दल रागे भरले नाही. मरियेने तेच म्हटले तेव्हा तर तो रडला. म्हणजे हा प्रश्न विचारणे पाप नव्हे. फरक असा की मार्था त्याच्यासमोर उभी राहून बोलली. आम्ही फाटकाशी, ज्याच्याबद्दल बोलत होतो तो ऐकणार नाही अशा ठिकाणी बोललो. तसेच मार्थेचा भाऊ गेला होता. आमचे कोण गेले होते?

आम्ही त्या मुलाला पत्र लिहिले. मोबाईलवर चार ओळी पाठविणे सोपे होते, पण ते वाक्य गावभर फिरले होते, तेव्हा क्षमा मागणे इतके स्वस्त असू नये असे वाटले. पत्र पोहोचण्यास अठरा दिवस लागले. उत्तर आले नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये तो आला. आदल्या संध्याकाळी उशिरा पोहोचला आणि सकाळी आमच्या दारात उभा राहिला. "दादा, कबरस्तानात येता का बरोबर?" एवढेच म्हणाला. घरापासून तिथवर चालत वीस मिनिटांची वाट. आम्हांस पाऊण तास लागला, कारण तो प्रत्येक वळणावर थांबत होता. इथे पूर्वी अमुक दुकान होते, इथे आई रिक्षा थांबवायची. फाटकाशी आलो तेव्हा आम्हीच विषय काढला. तो म्हणाला, "तुमचे पत्र मिळाले. काय लिहावे कळले नाही. तुम्ही जे बोललात ते मी रोजच स्वतःला म्हणत होतो." मग आत गेला आणि आम्ही बाहेर उभे राहिलो.

रविवारी तो शब्बाथशाळेत आला. आईचा गोल पाहून हसला. ती मुलगी आता मोठ्या वर्गात गेली आहे, पण मुद्दाम थांबली होती. आम्ही कपाळाला हात लावण्याआधीच तिने विचारले, "तुम्ही तेव्हा का आला नाहीत?"

"कागद नव्हता," तो म्हणाला, आणि तिला समजेल असे समजावून सांगितले.

तिने नीट ऐकून घेतले. "मग कागद कधी आला?"

"मार्चमध्ये."

"आता तर डिसेंबर आहे."

खोलीत कोणी बोलेना. आम्हांस वाटले मध्ये पडावे, परंतु या बाबतीत मध्ये पडण्याचा आमचा अधिकार संपला होता. तो खाली बसला, म्हणजे तिच्या उंचीला आला, आणि म्हणाला, "आई तर आता नाही, मग घाई कशाला, असे वाटले. सुट्टी, तिकीट, मुलीची शाळा... मग भीतीही वाटायला लागली. घर कसे दिसेल याची." थोडे थांबून तो म्हणाला, "मार्चमध्येच यायला हवे होते."

मुलीने मान हलविली. त्या दोघांत काय ठरले कोण जाणे, पण मग तिने त्याला दोरा दाखविला, मॉस्कोवरून जाणारा. त्याने बोटाने दुसरी वाट दाखविली, दुबईवरून. "आम्ही इथून आलो," तो म्हणाला. "ही वाट लांब आहे, पण उघडी आहे."

पुढच्या रविवारी रात्री नऊच्या बसने तो निघाला. आम्ही सोडावयास गेलो होतो. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मोबाईलवर एकच शब्द आला, 'पोहोचलो'. बस सुटल्यापासून अडतीस तास झाले होते. आम्ही तो बहिणीला दाखविला, आणि तिथेच तिला मिरजेचे विचारले.